वही की मोबाईल? अडत दुकानातली रीत अजून चालते का

शाहूपुरीकर: वडलांचं गुळाचं अडत दुकान होतं. दिवसभर घडेल ते रोजमेळात, रात्री ज्याचं त्याच्या नावावर खतावणीत, शेजारी रोजमेळाचा पान नंबर. मी माझी सगळी कामं अजून तशीच लिहितो. जाड वही आणली की आधी पानांना नंबर घालायचे, पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडायची. राहिलेलं काम पुढच्या पानावर हातानं उतरवायचं. तिसऱ्यांदा उतरवायचा कंटाळा आला की समजायचं, हे काम आपल्याला करायचंच नाही, मारायची काट. रायडर कॅरोलनं २०१३ मध्ये बुलेट जर्नल म्हणून वहीत कामं टिपायची पद्धत आणली, त्यात तरी वेगळं काय आहे? मोबाईल मात्र काम गुपचूप उद्यावर ढकलतो.

पंचगंगाकाठ: भावा, २०१९ च्या पुरात आमच्या वह्यांचा लगदा झाला. बॉलपेनचं थोडंफार वाचता आलं, जेल पेनचं नुसतं निळं पाणी. कागदाची दुसरी प्रत नसते. आणि बोअरच्या मोटरीला मागं किती खर्च आला, हे मी मोबाईलात 'मोटर' टाकून बघतो. तू बस पानं चाळत.

राजारामपुरी_अभ्यासिका: कामाची यादी कुठंही ठेवा, अभ्यासाला कागदच. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत वापरते. डावीकडं अडीच इंच आणि तळाला दोन इंच कोरं सोडायचं. उजवीकडं लिहिलंय: '२६ जुलै १९०२, करवीर संस्थान, मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखीव'. संध्याकाळी डावीकडं फक्त प्रश्न: 'शाहू महाराजांचा जाहीरनामा, कधी, किती?' मग उजवी बाजू झाकून उत्तर द्यायचं. तळाला सगळ्या पानाचं सार, दोन ओळीत. आमच्या इथं निम्मी पोरं पाच रंगांत उजवी बाजू सजवतात आणि डावी कोरीच ठेवतात. ते टिपण नव्हे, रांगोळी.

पंचगंगाकाठ: म्हणजे गुण आहे तो झाकून आठवण्याचा, कागदाचा नव्हे. ते मोबाईलातल्या प्रश्न-उत्तरांच्या कार्डांवरही होतं. टिपणं हातानं बरी की लॅपटॉपवर, यावरचा म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात: लॅपटॉपवाले शब्दाला शब्द उतरवतात, समजेच्या प्रश्नांत मागं पडतात. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग परत केला. शब्दाला शब्द उतरवणं तेव्हाही दिसलं, पण मार्कांत ठोस फरक निघाला नाही. हे कुणी सांगत नाही.

उद्यमनगर_सेकंड_शिफ्ट: तुमचं चालू द्या. फौंड्रीत हातमोजे घातलेत, बोटं काळी, फोनची स्क्रीन उघडतच नाही. खिशात छोटी डायरी आणि पेन्सिल. पेन नव्हे, तेलकट कागदावर बॉलपेन उठत नाही. हीट नंबर (भट्टीतल्या त्या वितळवणीचा नंबर), साच्यांचे किती बॉक्स ओतले, कुठल्या पॅटर्नच्या मालात ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, आली, एवढंच. शिफ्ट सुटली की हात धुवून पानाचा फोटो ग्रुपवर. सकाळचा सुपरवायझर त्यावरनंच काम धरतो. दोन्ही लागतं राव.

शाहूपुरीकर: फोटो त्या सकाळपुरता ठीक. चार महिन्यांनी तो हीट नंबर हजार फोटोंतनं शोधणार कोण? अनुक्रमणिका लागतेच. पुराचं म्हणाल तर मीही आता अनुक्रमणिकेच्या चार पानांचा फोटो काढून ठेवतो.

पंचगंगाकाठ: वा! वही गेली वाहून, पण काय कितव्या पानावर होतं हे बरोबर सांगणार. नाद खुळा.