मदत हवी आहे (तातडीचं): क्रूझच्या तिकिटावर आईच्या नावाला 'बाई' लागलं, पासपोर्टवर नाही

दारव्हा_तालुका:
नमस्कार. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा, उद्या दुपारी एजंटकडे कागद द्यायचे आहेत.
ताईने आईबाबांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. तिकिटं तिनेच काढली. तिने कागदाचा फोटो मागितला तेव्हा घाईत मी आधारचा पाठवला. आधारवर आई 'वत्सलाबाई' आहे, पासपोर्टवर नुसती 'वत्सला'. आता एजंट म्हणतो जहाजावर चढू देणार नाहीत, अ‍ॅफिडेव्हिट करा. वरून आई चौथी पास आहे म्हणून ईसीआरचं (कमी शिकलेल्यांना परदेशी जायला लागणाऱ्या सरकारी परवानगीचं) क्लिअरन्स लागेल, त्याचे ८००० वेगळे. बाबा सकाळपासून एकच म्हणत आहेत, रद्द करा, आपल्याला समुद्र नको. बाबांचं वय ६७, त्यांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. इकडे सोयाबीन शेतात उभं आहे, मला नागपूरच्या चकरा जमणार नाहीत. काय करू?

अजनी_चौक:
काही टेन्शन घेऊ नका. मुंबई-गोवा जहाजाला पासपोर्ट लागतच नाही, देशातल्या देशात आधार किंवा मतदान कार्ड चालतं. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. खोली खिडकीची घ्या, आतली घेऊ नका, रात्र आहे की दिवस तेच कळत नाही. आणि पहिल्या रात्री जहाज हलतं, तेव्हा आलेपाक जवळ ठेवा.

राजपत्र_मार्गदर्शक:
अ‍ॅफिडेव्हिटने भागणार नाही. राजपत्रात नावाची जाहिरात द्या आणि आधार, पासपोर्ट, सातबारा सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. आज क्रूझला अडलं, उद्या वारसाच्या नोंदीला अडेल. मी आमच्या वहिनींचं याच पद्धतीने करून दिलं.

मोर्शीची_मंदा:
काहून ८००० देता भाऊ? मायचा पासपोर्ट उघडा अन् पाहा, त्यात ईसीआर छापलं हाय का. नसंल तर विषयच संपला. असलं तरी फिरायले जाणाऱ्याले ते लागत नाही, परदेशात कामाले जाणाऱ्याले लागते. अन् वय ५० च्या वर असलं तर चौथी पास काय, शाळेत गेली नसली तरी ईसीआर लागत नाही. मायचं वय किती?

दारव्हा_तालुका:
@मोर्शीची_मंदा आईचं वय ६१. आत्ताच पासपोर्ट पूर्ण चाळला, ईसीआर कुठेच नाही. फार आभार ताई.
@अजनी_चौक मुंबईचं जहाज नाही, सिंगापूरहून आहे. ताई तिथेच असते.
@राजपत्र_मार्गदर्शक राजपत्राला किती दिवस लागतात? आमच्याकडे महिनाच आहे.

अजनी_चौक:
अहो मग आधी सांगायचं ना, मी मुंबईचं धरून लिहिलं. आलेपाकाचं मात्र खरं आहे.

गॅलीतला_पुसदकर:
मी ११ वर्षं जहाजाच्या किचनमध्ये काढली, आता पुसदला घरी आहे. राजपत्राचा नाद सोडा. तिकीट पासपोर्टप्रमाणे करायचं असतं, पासपोर्ट तिकिटाप्रमाणे नाही. ताईला सांगा, बुकिंग क्रमांक आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडून जहाज कंपनीला ईमेल कर. माणूस तोच आहे, स्पेलिंग दुरुस्त करायचं आहे, ते करून देतात. जहाज सुटायच्या दिवशी काउंटरवर सांगत बसू नका, त्याच्या आधी करा.
पण तुम्ही मुख्य गोष्टी लिहिल्याच नाहीत. जहाज कुठं कुठं थांबतं? तारीख काय? दोघांचे पासपोर्ट कधी संपतात? सिंगापूरचा व्हिसा झाला का?

राजपत्र_मार्गदर्शक:
नाद सोडा म्हणणं सोपं आहे. पुढे बँकेत, तलाठ्याकडे हेच नाव आडवं येणार आहे. मूळ दुखणं बरं करा, एवढंच माझं म्हणणं.

गॅलीतला_पुसदकर:
तुमचं म्हणणं चूक नाही, पण त्यांना महिन्याभरात जायचंय आणि तुम्ही सातबारा काढता. ते परत आल्यावर करतील.

दारव्हा_तालुका:
सिंगापूर, पोर्ट क्लांग, पेनांग, परत सिंगापूर. चार रात्री. १४ नोव्हेंबरला सुटतं. व्हिसाचे कागदच उद्या द्यायचे आहेत. ताईच्या बाळंतपणाला जायचं म्हणून तेव्हा पासपोर्ट काढले होते, मग जाणं झालं नाही. आईची टीसी सापडत नव्हती म्हणून तिचा दोन वर्षं उशिरा निघाला, तो अजून चालतो. बाबांचा मार्चमध्ये संपतो. नोव्हेंबर ते मार्च चार महिने आहेत, तेवढे पुरतात ना?

गॅलीतला_पुसदकर:
नाही पुरत. उद्या कागद देऊ नका!
सिंगापुरात शिरताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली लागते. मुंबईच्या विमानतळावरच बाबांना थांबवतील, जहाज तर लांबच. आईच्या 'बाई'पेक्षा हे मोठं आहे. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवीन पासपोर्टला अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आज रात्री बसून भरू शकता. तत्काळमध्ये भरा. ३६ पानी पासपोर्टची फी १५००, तत्काळचे वर २०००. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवर स्वतः भरा, त्याला एजंट लागत नाही. नागपूरची जी पहिली तारीख मिळेल ती घ्या आणि मूळ जुना पासपोर्ट सोबत न्या. नागपूरची एक चकर होईल, तेवढी काढाच.
नवीन पासपोर्टचा नंबर बदलतो. म्हणून आधी पासपोर्ट हातात, मग त्या नंबरवर व्हिसा, मग तोच नंबर जहाजाच्या बुकिंगमध्ये. उलटं केलं की व्हिसाचे पैसे गेले.
व्हिसा आला की त्यावर 'मल्टिपल' आहे का ते बघा. विमानाने उतरता ती एक एंट्री. जहाज मलेशियाला जाऊन परत येतं ती दुसरी. सिंगल एंट्रीचा कागद असेल तर जहाजावर चढायच्या आधीच काउंटरवर हरकत घेतात. एक नवराबायको असे बंदरावरच बॅगांवर बसून राहिलेले मी पाहिले आहेत, बाकीचा ग्रुप वर गेला होता.

दारव्हा_तालुका:
हात थंड पडले हे वाचून. एजंटने बाबांचा पासपोर्ट हातात घेऊन पाहिला होता, तारखेबद्दल एक शब्द बोलला नाही.
मलेशियाचा व्हिसा वेगळा काढायचा का?

वर्धा_रोड:
मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय. निघायच्या आधी सवलत चालू आहे ना, तेवढं ताईला बघायला सांगा. सिंगापूरला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका.

चिखलदरा_प्रेमी:
एवढा त्रास घेण्यापेक्षा चिखलदऱ्याला न्या. आईबाबांना हवा मानवेल, पासपोर्ट नको की व्हिसा नको.

मोर्शीची_मंदा:
@चिखलदरा_प्रेमी पोरीनं हौसेनं तिकीट काढलं हाय. बापाले समुद्र दाखवू द्या न.

आर्वीची_सून:
मी लेकाकडे सिंगापूरला तीन वेळा जाऊन आले. एकाच गोष्टीसाठी लिहिते: आई काय काय बांधून नेणार आहे?

दारव्हा_तालुका:
दिवाळीचं सगळंच. अनारसे, सरगुंडे, काळा मसाला, पापड. बाबांचा खर्रा.

आर्वीची_सून:
मला हीच भीती होती. खर्रा अजिबात नेऊ नका. तंबाखू खायची कोणतीही वस्तू तिथे नेता येत नाही. पन्नीत घोटलेला असो की सुटी तंबाखू. एक पुडीसुद्धा नको. बाबांच्या बंडीचे, सदऱ्याचे, पिशवीचे सगळे खिसे तुम्ही स्वतः उलटे करून झटका, कारण जुन्या पुड्या कुठेतरी राहतातच. बाबांशी आजपासून बोला, ऐनवेळी तलफ आली की माणूस चिडतो.
दुसरं, खसखस. तिथे ती अंमली पदार्थांच्या यादीत येते. अनारसे आपण खसखशीवरच थापतो, काळ्या मसाल्यातही भाजून घालतो. आईला सांगा, या वेळी अनारसे तिळावर थाप आणि मसाला बिनखसखशीचा कुट. सरगुंडे, पापड न्या. झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध असेल तर त्यात काय आहे ते डॉक्टरांना विचारा, चिठ्ठी सोबत ठेवा. कोडीनसारख्या औषधांना तिथली आधी परवानगी लागते.

अजनी_चौक:
तिळावरचे अनारसे जाळी धरतात का? आमच्याकडे फसकतात.

आर्वीची_सून:
जाळी पिठावर आणि तुपाच्या आचेवर असते, खसखशीवर नाही. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला.

वर्धा_रोड:
येताना भारतातल्या कस्टम्सचंही बघा. जहाजावरच्या दुकानात बाटल्या स्वस्त दिसतात, पण माणशी २ लिटर दारू आणि १०० सिगारेट एवढंच विनाशुल्क आणता येतं. आणि आईच्या अंगावर काय असणार?

दारव्हा_तालुका:
मंगळसूत्र आणि गोफ. गोफ आजीचा आहे, पावती नाही.

वर्धा_रोड:
मग जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या टेबलावर दाखवा आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. परत येताना ते दाखवलं की हा दागिना इथूनच गेला होता हे सिद्ध होतं. सोनाराकडून वजन आणि मूल्य लिहून न्या.

अजनी_चौक:
अंगावरचं कोणी विचारत नाही हो. उगाच वेळ जाईल.

वर्धा_रोड:
नाही विचारलं तर चांगलंच. विचारलं तर आईला तिथे उभं राहून समजवावं लागेल, आणि पावती नाही. अर्धा तास गेला तरी चालेल.

मोर्शीची_मंदा:
गोफ घरीच ठेवा म्हणा.

दारव्हा_तालुका:
चार दिवसांनी लिहितोय. बाबांचा तत्काळचा अर्ज भरला, नागपूरला एका दिवसात जाऊन आलो, सोयाबीन शेजारच्या भावाने बघितलं. पासपोर्ट निघाल्याचा मेसेज काल आला. ताईच्या ईमेलला उत्तर आलं, तिकिटावर आता वत्सला आहे. एजंटकडून कागद परत आणले. बाबा खर्रा सोडायचा सराव म्हणून सुपारी-बडीशेप चघळत आहेत. दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, पण रद्द करा म्हणायचं थांबलं.
@गॅलीतला_पुसदकर व्हिसाचे कागद नवीन पासपोर्ट हातात आल्यावरच देणार. आईने तीळ निवडून ठेवलेत. गोफ घालून जायचं की ठेवून, ते मात्र अजून घरात ठरत नाही.