मे महिन्यात अमरावतीहून चिखलदरा एका दिवसात करता येईल का? सोबत आई आणि दोन लहान मुलं

राजापेठकर_ताई

नमस्कार मंडळी, अमरावतीत गेले आठ दिवस पारा ४४ च्या खाली यायचं नाव घेत नाहीये, कूलर दिवसभर नुसती गरम हवा फेकतो आणि रात्री दोनदा लाईट जाते. मुलं ६ आणि १० वर्षांची, सुट्टी लागल्यापासून घरात कोंडलेली, पडदे लावून बसतात. मला फक्त रविवार मोकळा असतो, यांचंही तसंच, त्यामुळे मुक्काम शक्य नाही. म्हणून विचार चाललाय की पहाटे निघून चिखलदरा करायचं आणि रात्री परत यायचं.

खरं कारण मात्र आई आहे. ती ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण चालते हळूहळू. लग्नाआधी अचलपूरला शिकायला होती तेव्हा मैत्रिणींसोबत एकदा चिखलदऱ्याला गेली होती, पंचबोल पॉइंटवर उभं राहून सगळ्यांनी आपापली नावं ओरडली होती आणि दरीतून आवाज परत आला होता हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. नंतर पन्नास वर्षं अमरावतीत राहून तिचं जाणं झालं नाही, कधी आमच्या परीक्षा, कधी बाबांचं आजारपण. यावर्षी तिने स्वतःहून विषय काढला, म्हणून मला हे करायचंच आहे.

गाडी आमची छोटी पेट्रोल आहे, ८ वर्षं जुनी. यांनी घाटात ती फार चालवलेली नाही. निघायचं किती वाजता, मे मध्ये तिथे खरंच थंड असतं का, आईला काय काय दाखवता येईल आणि खाण्याचं काय, जे माहीत असेल ते सगळं सांगा. ओळखीतल्या एकाने तर मे मध्ये जाऊच नका, पैसे वाया असं सांगितलं.


परतवाड्याचा_पोट्टा

ताई मी परतवाड्याचाच हाय, घाट रोजचा हाय माह्या. पह्यले एक गोष्ट साफ सांगतो, तुमाले कोणी म्हणत असन का चिखलदऱ्यात मे मध्ये स्वेटर लागते तर ते अर्धं खरं हाय. सकायी लागते. दुपारी नाई लागत. दुपारी बारा ते चार तिथंबी ऊन कडक रायते, नागपूर-अमरावतीचे लोक धा वाजता आरामात निंघतेत, एक वाजता वरतं पोचतेत, चटक्यात सगळे पॉइंट पायतेत आन चार वाजता हवा फिराले लागली का घरी निंघतेत. मंग गावाकडं जाऊन सांगतेत का चिखलदऱ्यात काई नाई. अरे बापा तुमी गेलेच चुकीच्या टायमाले!

तुमी सकायी चार वाजता अमरावती सोडा, लेकरायले झोपेतच गाडीत टाका. वलगाव, आसेगाव, परतवाडा असा पन्नासेक किलोमीटरचा सपाट रस्ता हाय, सव्वा तासात होते. परतवाड्यात पेट्रोल फुल करा, वरच्या भरवशावर राहू नोका. चहा घ्या आन धामणगाव गढीकडून घाट चढा, तीसेक किलोमीटर हाय. सव्वासहाच्या आत वरतं. त्या टायमाले आईसाठी शाल ठेवा हाताशी, मी खरं सांगतो.

आन पाणी घरूनच न्या, वीस लिटरचा कॅन भरून. उन्हाळ्यात वरतं पाण्याची लय ओढ रायते.


थोडं_गणित

वरच्या भावांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे आणि त्यामागचं कारण साधं आहे म्हणून लिहितो. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर आहे आणि चिखलदरा १,११८ मीटर. म्हणजे फरक पावणेआठशे मीटरचा. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे आपल्याला मिळतात जेमतेम पाच अंश. खाली ४४ तर वर ३९. भर दुपारी ३९ हे कोणाला थंड वाटणार सांगा. पण शहरात डांबर आणि सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतं, म्हणून आपल्याकडे पहाटे चारलाही भिंतींना हात लावला तर गरम लागतात. वर जंगल आहे, वारा मोकळा आहे, सूर्य गेला की जमीन पटकन निवते. त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी खालचा-वरचा फरक पाच अंशांपेक्षा खूपच जास्त जाणवतो. एका दिवसात जायचं असेल तर तुम्हाला पहाटही पकडायची आहे आणि संध्याकाळही, मधली दुपार सावलीत काढायची.

पाण्याचंही लिहितो कारण बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं. विदर्भात सगळ्यात जास्त पाऊस जिथे पडतो त्यातलं हे गाव, वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तरी उन्हाळ्यात टंचाई. काळा बसाल्ट खडक, तीव्र उतार, पडलेलं पाणी काही तासांत दरीत. ते मुरतच नाही. म्हणून हॉटेलात बादली जपून वापरा, मुलांना नळ उघडा ठेवू देऊ नका, तिथल्या बायका ते पाणी लांबून आणतात.


जुलैवाला

मी मात्र वेगळं मत मांडतो, राग मानू नका. चिखलदरा बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्येच. भीमकुंडाचा धबधबा मे मध्ये कोरडा असतो, देवी पॉइंटच्या दऱ्या धुक्याशिवाय अर्ध्या वाटतात, सगळं गवत पिवळं, सागाला एक पान नाही. आईंना इतक्या वर्षांनी नेताय तर हिरवं दाखवा ना. दीड महिना थांबा फक्त.


राजापेठकर_ताई

@जुलैवाला दादा राग कशाला, पण आईचं दीड महिन्यानंतर काय असेल ते मला माहीत नाही, जुलैत तिचा मोतीबिंदू आहे, नंतर पावसात घसरण, गुडघे. आणि तिला धबधबा नाही बघायचा, तिला ती दरी ऐकायची आहे. त्यामुळे आत्ताच.


गाविलगडची_वाट

मग आत्ताच जा ताई, आणि बिनधास्त जा. मी निवृत्त शिक्षक, अनेक वर्षं मुलांच्या सहली नेल्या तिथे. आईंच्या दृष्टीने सांगतो.

पंचबोल पहिल्यांदा, सकाळीच, कोणी यायच्या आत. समोर डोंगररांगा एकामागे एक उभ्या आहेत आणि आवाज त्यांच्यावर आदळून परत येतो म्हणून ते नाव. गर्दी झाली, मोबाईलवर गाणी सुरू झाली की काही ऐकू येत नाही, आणि वारा सुटला तरी येत नाही. सकाळी साडेसहा-सातची शांत वेळ त्यासाठी सर्वात चांगली. त्याच बाजूला कॉफीची झाडं आहेत, मुलांना दाखवा, इंग्रजांच्या काळात लावलेली आहेत आणि महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदराच. कठड्याच्या पलीकडे मुलांना जाऊ देऊ नका, दरी सरळ खाली आहे.

तिथून देवी पॉइंट. पायऱ्या आहेत पण थोड्या, आईंना आधार देऊन उतरता येतील, खडकाखाली देवीचं ठाणं आहे आणि आत गेल्यावर अंगाला गारवा लागतो. भीमकुंड वरूनच बघा. मुलांना गोष्ट सांगा की भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकला आणि कुंडात हात धुतले, कीचकदरा म्हणून चिखलदरा असं म्हणतात. आमच्या सहलीतली पोरं ती गोष्ट ऐकल्यावर अर्धा तास दरीकडे बघत बसायची.

गाविलगड किल्ला मुलांच्या बाबांनी आणि मोठ्या मुलाने करावा, तोही नऊच्या आत, कारण वर सावली नाही. आईंना गाडीत किंवा झाडाखाली बसवा. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहाने बांधला, पण मला तिथे नेहमी आठवतं ते १८०३ चं युद्ध. नागपूरकर भोसल्यांकडे किल्ला होता. दक्षिणेची बाजू इतकी उभी आहे की तिकडून चढणं अशक्य, म्हणून इंग्रजांनी तोफा डोंगराजंगलातून ओढत उत्तरेला आणल्या, कित्येक दिवस नुसतं ओढणं चालू होतं, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. आपण वऱ्हाडातली माणसं, आपल्या मुलांनी ही भिंत एकदा हाताने शिवायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. शार्दूल दरवाजावरचं शिल्प मुलाला शोधायला सांगा, दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, आहे त्यात.

दहानंतर उन्हात काही करू नका. दिवसापुरती एखादी खोली घ्या, पूर्ण दिवसाचं भाडं पडेल पण आईंच्या पाठीसाठी ते द्याच. जेवा, झोपा, साडेचारला बाहेर पडा.


घाटातली_मीना

मी स्वतः गाडी चालवते आणि अमरावती-चिखलदरा दहा-बारा वेळा केलंय, तुमच्या मिस्टरांसाठी लिहिते. चढताना दुसऱ्या गिअरवर ठेवा, इंजिनला ओढ बसली की पटकन पहिला टाका, तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करून काचा खाली करा आणि तरी नाही उतरला तर रुंद जागा बघून थांबा, गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, माझ्या भावाचा हात भाजला होता. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरायचं, पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. निघायच्या आधी कूलंट आणि ब्रेक तपासून घ्या, आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी, म्हणजे काही निघालं तर वेळ राहतो. वळणावर हॉर्न द्या. माकडांना खायला देऊ नका, मग ती रस्त्यावरच बसून राहतात आणि गाड्यांखाली येतात.

मुलांना उलटी होत असेल तर उपाशी ठेवू नका, कोरडं काहीतरी द्या, बिस्कीट, भाजके पोहे, आणि मोबाईल बघू देऊ नका, समोर बघायला सांगा.

आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा. हे मेळघाट आहे, १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प, राज्यातला पहिला, अंधारात अस्वल, रानगवे रस्त्यावर येतात. सहाला निघालात तर उजेडात परतवाडा गाठाल.

गाडीचं जमलंच नाही तर एसटी आहे, परतवाड्याहून वर जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून. तुमच्या आई ७१ च्या म्हणजे पूर्ण मोफत ७५ नंतरच, पण अर्धं तरी आहेच. फक्त पहाटेची थंड वेळ एसटीने पकडता येत नाही.


परतवाड्याचा_पोट्टा

मीनाताईनं एकदम बरोबर सांगलं. एक रायलं, खाण्याचं. रबडी खाल्ल्याशिवाय येऊ नोका. वरतं गवळी लोकायची वस्ती हाय, घरोघरी म्हशी, जंगलातला चारा, दूध घट्ट येते, मंग खवा आन रबडी तिथली वेगळीच लागते. कढईत डोयासमोर आटवतेत ना तिथूनच घ्या. घरी आणाची असन तर थर्मासचा डबा न्या. मोथा गावात हिवाळ्यात स्ट्रॉबेरी बी रायते पण आता नाई भेटणार.


राजापेठकर_ताई

जाऊन आलो कालच!! सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून सकाळी पहिलं हेच लिहितेय.

चारला निघायचं ठरवलं होतं, निघालो चार वीसला, परतवाड्यात चहा प्यायलो तेव्हा नुकतंच उजाडत होतं. घाटात काटा एकदा वर गेला, एसी बंद करून काचा खाली केल्या आणि त्या बाहेरच्या हवेने धाकटी जागी झाली, थंडी वाजते म्हणाली, मे महिन्यात, मी तिला ओढणीत गुंडाळलं. आईने शाल घेतली ती नऊपर्यंत काढली नाही.

पंचबोलला सात वाजायला आले होते, आमच्याशिवाय दोन जण फक्त. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली, काही बोलेना. मला वाटलं गुडघे दुखतायत. मग ती ओरडली ते स्वतःचं नाव नाही, तिच्या एका मैत्रिणीचं, कुसुम, जी आता नाही. आवाज तिचा आता बारीक झालाय, पहिल्यांदा काहीच आलं नाही. मोठा तिच्यासोबत ओरडला, मग धाकटी, मग आम्ही सगळेच कुसुम कुसुम ओरडलो आणि आलं परत, स्पष्ट आलं. आई रडली पण चांगलं रडली.

गाविलगड यांनी आणि मोठ्याने केला, गंडभेरुंड सापडला, फोटो आहे. मास्तर तुमचे खूप आभार, तो घरी आल्यापासून बेनीसिंगबद्दल विचारतोय. अकरा ते साडेचार खोलीत झोप काढली, खोली तापलेली होती पण पंख्यावर निभावलं. संध्याकाळी देवी पॉइंट, आई पायऱ्या उतरली, चढताना दोनदा बसली. सहा दहाला निघालो आणि ब्रेकवर पाय न ठेवता दुसऱ्या गिअरवर उतरलो मीनाताई.

रबडीचा डबा बर्फात ठेवून आणला. रात्री नऊला घरासमोर गाडीचं दार उघडलं तर अंगावर तीच भट्टीची हवा, आणि आईची शाल अजून मांडीवरच होती.


परतवाड्याचा_पोट्टा

ताई डोयात पाणी आलं वाचून. आईचा मोतीबिंदू झाला का दिवाळीनंतर परत आणा त्यायले, तवा धुकं नसते, दरी दूरवर दिसते. परतवाड्यात चहा माह्याकडं.