जपान ट्रिप : दाशी, बॅगा आणि चपला

अनघा (बी-३०४): नोव्हेंबरात दहा दिवस जपानला निघालोय. टोकियो, क्योटो, ओसाका. सोबत सासू-सासरे, दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सगळ्यांचीच पहिली वेळ. मेधाताई, देशपांडेकाका, इथूनच काय काय उरकून ठेवू?

देशपांडेकाका (सी-५०१): आधी जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा रेल्वे पास, डोक्यातून काढ. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून थेट ५०,००० वर गेला. टोकियो-क्योटो शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) एका बाजूने साधारण १४,०००. जाऊन-येऊनही वसूल होत नाही. सुटी तिकिटं काढ.

देशपांडेकाका: बॅगा मात्र घरीच टेपने मोज. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंमीच्या वर गेली, तर या मार्गावर मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. जादा पैसे नाहीत, पण तशीच चढवली तर १,००० येन. २८ इंची बॅग नेमकी या हद्दीवर असते.

मेधाताई (ए-१०२): त्यापेक्षा ताक्क्युबिन, म्हणजे सामानाची कुरियर सेवा. बॅग हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, टोकियोहून क्योटोच्या हॉटेलात सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. फॉर्मवर पुढच्या हॉटेलचा पत्ता, चेक-इनची तारीख आणि बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव. नाव चुकलं की बॅग तिथे पोचूनही कुणाची ते कळत नाही. एका रात्रीचे कपडे आणि सगळी औषधं जवळ ठेवा.

अनघा: सासूबाई खिचडीसाठी छोटा इलेक्ट्रिक कुकर घ्या म्हणतायत.

देशपांडेकाका: नको गं. तिथे १०० व्होल्ट. आपला २३० चा कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्याने तापेल, पाणी कोमट होऊन बसेल. चार्जरला अडचण नाही, त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं. दोन चपट्या पिनांचे ॲडॅप्टर घे. तीन पिनांचे घेतलेस तर बऱ्याच भिंतींत बसणार नाहीत. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते, तेव्हा गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या.

मेधाताई: जेवणाचं नीट समजून घे, खरी गोम तिथेच आहे. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कापांचं पाणी. आपल्याकडे फोडणी तशी तिथे दाशी. मिसो (आंबवलेलं सोयाबीन) सूपमध्ये, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्यात, टेम्पुराच्या (तिथली भजी) सॉसमध्ये, साध्या शिजवलेल्या भाजीतसुद्धा. 'मांस नको' म्हणालात तर ते मनापासून मासा आणून ठेवतील, कारण 'निकु' म्हणजे मांस, मासा त्यात येत नाही. आणि 'मासा काढून द्या' याला अर्थ नाही, रस्सा आधीच मोठ्या पातेल्यात तयार असतो. आपलं 'जरा ॲडजस्ट करा' तिथे ऐनवेळी चालत नाही. बुकिंग करतानाच सांगायचं.

मेधाताई: हे जपानी लिपीत लिहून देते, फोनवर ठेव : "निकु, साकाना, तामागो वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस." मांस, मासे, अंडं खाता येत नाही, बोनिटोची दाशीही नको. भूक लागली आणि काहीच सुचेना तर कप्पा-माकी (काकडीची सुशी), एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा), साधा भात. उमेबोशीचा (खारवलेलं आंबट फळ) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, निरुपद्रवी वाटतो, पण काहींत बोनिटोचा अर्क असतो.

देशपांडेकाका: ओसाकाहून एक रात्र कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी, काढाच. ओसाकातल्या नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, पुढे केबल कार, मग बस. तिथल्या मठांत राहता येतं आणि शोजिन र्‍योरी म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण मिळतं : मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू आणि शिताके मशरूमची. रात्रीचं जेवण सहाच्या आसपास, उशिरा पोचलात तर गेलं. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालं होतं.

 

नितीन (बी-१०१): देवळात काही वेगळं?

मेधाताई: चपला बाहेर काढायची सवय आवरा. आवारात बूट घालूनच फिरतात. जिथे लाकडी पायरी आणि उंच फरशी दिसेल तिथेच काढायचे. शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थानात दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

मेधाताई: मठात किंवा पारंपरिक जपानी सराय म्हणजे र्‍योकानमध्ये दारात बूट काढले की स्लिपर मिळतात. त्या फक्त पॅसेजपुरत्या, तातामीवर (गवती चटईची जमीन) मोजेच. संडासात वेगळ्या स्लिपर असतात. त्याच घालून खोलीत परत येणं, ही नवख्यांची हमखास चूक. युकाता (सुती झगा) नेसताना डावी बाजू उजवीवर, उलटी घडी प्रेताला घालतात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर अस्थी तशा देतात.

अनघा: सासऱ्यांची बीपीची औषधं? आणि लोकलचं तिकीट?

देशपांडेकाका: प्रिस्क्रिप्शनची औषधं एक महिन्यापर्यंतची चालतात, मूळ पाकिटात ठेव. सर्दीच्या गोळ्यांवरचा मजकूर वाच : १० टक्क्यांच्या वर स्यूडोएफेड्रिन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी असूनही बंदी. लोकलला वेलकम सुइका, हे पर्यटकांचं रिचार्जचं कार्ड, २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही. उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडेथोडे भरा. एका कार्डावर दोघं गेटमधून जाऊ शकत नाहीत, माणशी एक घ्या. स्टेशनच्या मशिनवर रिचार्ज रोखीने, हाताशी १,००० च्या नोटा ठेवा.

अनघा: शेवटचं. ओंसेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह) सगळ्यांसमोर कपडे काढायचे म्हटल्यावर सासूबाईंनी नावच टाकलंय.

मेधाताई: मग 'काशिकिरी', म्हणजे खासगी ओंसेन, विचार, तासाच्या हिशेबाने कुटुंबापुरतं मिळतं. हेही आधीच बुक करायचं. तिथेही आधी स्टुलावर बसून साबणाने अंघोळ, फेस पूर्ण धुवायचा, केस वर बांधायचे, मगच पाण्यात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात. पाणी ४०-४२ अंश असतं. सासऱ्यांना बीपी आहे ना? डॉक्टरांना इथेच विचारून घे. ते हो म्हणाले तरी जेवल्या जेवल्या उतरू देऊ नकोस आणि पाच मिनिटांत बाहेर काढ.