ऑलिंपसने कॅमेरा विभाग विकायला नको होता

कृष्णधवल (धागाकर्ते)

ऑलिंपसने २४ जून २०२० रोजी आपला कॅमेरा विभाग जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे सोपवत असल्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२१ पासून तो ‘ओएम डिजिटल सोल्यूशन्स’ म्हणून वेगळा झाला. स्मार्टफोनमुळे आकसलेली बाजारपेठ आणि सलग तीन वर्षांचा तोटा ही त्यामागची अधिकृत कारणे होती. माझ्या मते ती अर्धीच खरी आहेत. स्मार्टफोनचा तडाखा कॅनन, निकॉन आणि फुजीफिल्म यांनाही बसला, तरी ते या धंद्यात पाय रोवून आहेत.

ऑलिंपसची खरी पडझड २०११ मध्ये झाली. ऐंशीच्या दशकातील सट्टेबाज गुंतवणुकीत बुडालेला पैसा व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे हिशेबाबाहेर दडवला होता, आणि तो जिरवण्यासाठी पुढे कंपन्या अवाच्या सवा भावाने विकत घेतल्याचे दाखवले गेले. जायरस या ब्रिटिश कंपनीच्या खरेदीत तर केवळ सल्लागारांना म्हणून ६८ कोटी ७० लाख डॉलर दिल्याचे उघड झाले. याबाबत प्रश्न विचारणारे मुख्य कार्यकारी मायकेल वुडफर्ड यांना १४ ऑक्टोबर २०११ रोजी पदावरून काढण्यात आले. हे सगळे नेमके मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांची शर्यत सुरू होत असताना घडले. ऑलिंपसचा ई-पी१ २००९ चा, तर कॅननचा पहिला मिररलेस २०१२ चा. म्हणजे हातात आघाडी होती, पण ती टिकवण्यासाठी लागणारी पत आणि पैसा हिशेब निस्तरण्यात गेला.

ज्या घराने १९५९ मध्ये ‘पेन’ हा छोटा कॅमेरा दिला, त्याने अशी माघार घ्यावी याचे वाईट वाटते. योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने कॅमेऱ्याची किंमत आधी ठरवली, सहा हजार येन, आणि लेन्सच्या दर्जाला हात न लावता बाकी सगळीकडे काटकसर केली. २४ × १८ मिलिमीटरच्या अर्ध्या चौकटीमुळे ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो निघत. गरिबाला परवडणारा आणि तरीही कामात खोट नसलेला कॅमेरा म्हणजे काय, ते त्यात दिसते.

ताळेबंद

असहमत. आपण इतिहास १९५९ पासून सुरू करता, म्हणून निष्कर्षही तसाच निघतो. ताकेशी यामाशिता यांनी १९१९ मध्ये ताकाचिहो सेइसाकुशो ही कंपनी काढली ती परदेशी सूक्ष्मदर्शकांवर विसंबून राहावे लागू नये म्हणून, कॅमेऱ्यासाठी नव्हे. सुरुवातीच्या काळात तेथे तापमापकही बनत, आणि तो व्यवसाय १९२३ मध्येच आजच्या तेरुमो कंपनीकडे देऊन टाकण्यात आला. म्हणजे जे झेपत नाही ते दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची रीत या घरात पहिल्या पाच वर्षांतलीच आहे. कंपनीची झुइको नावाची लेन्स आणि ती बसवलेला पहिला कॅमेरा १९३६ मध्ये, बऱ्याच उशिरा आला.

पचनसंस्थेच्या एंडोस्कोपच्या, म्हणजे आत घालून पाहायच्या नळीच्या, जागतिक बाजारात ज्या कंपनीचा वाटा सुमारे ७० टक्के आहे, तिने तोट्यातला विभाग केवळ जुन्या पेन कॅमेऱ्याच्या आठवणीखातर का पोसावा? भागधारकांपुढे हे समर्थन टिकणारे नाही.

सेलेनियम

ताळेबंद यांच्या मांडणीत कॅमेरा आणि वैद्यकीय उपकरणे ही जणू दोन वेगळी घरे आहेत, आणि मला खटकते ते नेमके हेच. १९५० मध्ये तात्सुरो उजी या डॉक्टरांसोबत ऑलिंपसच्या अभियंत्यांनी जे साकारले, त्याला गॅस्ट्रोकॅमेरा म्हणत, आणि तो शब्दशः कॅमेराच होता: लवचीक नळीच्या टोकाला इवलीशी लेन्स, अरुंद फिल्म आणि प्रकाशासाठी सूक्ष्म दिवा. डॉक्टरला आत काहीच दिसत नसे. खोलीत अंधार करून पोटाच्या कातडीतून झिरपणाऱ्या दिव्याच्या उजेडावरून नळीचे टोक कोठे आहे याचा अंदाज घ्यायचा, फोटो काढत जायचे आणि फिल्म धुऊन होईपर्यंत थांबायचे, अशी ती तपासणी होती. प्रकाशतंतूंच्या साहाय्याने पाहण्याची सोय जोडलेला गॅस्ट्रोकॅमेरा १९६४ मध्ये आला, तेव्हा कोठे डॉक्टरला आधी पाहून मग फोटो काढता येऊ लागला. छोट्या जागेत चांगली लेन्स बसवण्याचे जे कसब पेनमध्ये दिसते तेच येथेही आहे.

वैद्यकीय धंदा म्हणजे निर्धास्त उत्पन्न, असेही कोणी समजू नये. डॉक्टरांना आणि रुग्णालयांना लाच दिल्याच्या आरोपांवरून ऑलिंपसच्या अमेरिकेतील कंपनीला २०१६ मध्ये ६४ कोटी ६० लाख डॉलर भरणे मान्य करावे लागले होते. कॅमेरा विभागाने निदान असली नामुष्की तरी ओढवली नव्हती.

ताळेबंद

गॅस्ट्रोकॅमेऱ्याबद्दलचे वर्णन उत्तम आहे, परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच की १९५० मध्ये दोन्ही विद्या एका छताखाली होत्या. आज कंपनीला ते छत लागत नाही. सोनीने २०१२ मध्ये ऑलिंपसमध्ये ५० अब्ज येन गुंतवले आणि पाठोपाठ दोघांनी वैद्यकीय उपकरणांसाठी संयुक्त कंपनी काढली. म्हणजे प्रतिमातंत्र बाहेरच्या भागीदाराकडून मिळवता येते. शिवाय सूक्ष्मदर्शकाचे काय झाले ते पाहा. ज्या वस्तूसाठी कंपनी जन्मली, तो विभाग ‘एव्हिडंट’ नावाने वेगळा काढून २०२३ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकण्यात आला. जन्मखूण विकताना ज्यांचा हात थरथरला नाही, ते कॅमेऱ्यासाठी हळवे होतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

पोरो

दोन्ही बाजू घोटाळा आणि ताळेबंद यांतच अडकल्या आहेत. माझ्या मते दुखणे त्याहून जुने आहे. २००३ च्या ई-१ या डिजिटल कॅमेऱ्यापासून ऑलिंपसने फोर थर्ड्स हा लहान सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) धरला, सुमारे १७.३ × १३ मिलिमीटरचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या जेमतेम पाव क्षेत्रफळाचा. त्याचे फायदे मी नाकारत नाही. ३०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखे दृश्य देते, २०१२ च्या ई-एम५ मध्ये हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारे पाच अक्षांचे स्थिरीकरण आले, आणि भिगवणला नावेत बसून तिपाईशिवाय रोहित पक्षी टिपणाऱ्या माणसाला हे वजन न उचलण्याचे सुख नक्कीच कळते. परंतु सोनीने २०१३ मध्ये पूर्ण चौकटीचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा, मिररलेस आणला आणि पाच वर्षांनी कॅनन व निकॉनही त्याच वाटेने गेले, तेव्हा ग्राहकाच्या मनात मोठा सेन्सर म्हणजेच उत्तम कॅमेरा हे समीकरण पक्के झाले. वुडफर्ड प्रकरण घडले नसते तरी हे समीकरण बदलले नसते.

सेलेनियम

पोरो यांच्याशी निम्मा सहमत. लहान आकाराचा आग्रह ही ऑलिंपसची चूक नव्हे, तो तिचा पिंडच होता. १९७२ चा एम-१, जो लायका या जर्मन कॅमेरा कंपनीच्या हरकतीनंतर ओएम-१ झाला, तो बोजड एसएलआरना (आरशातून लेन्सचे दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांना) दिलेले उत्तर होता. शटरचा वेग बदलण्याचे कडे माइतानींनी थेट लेन्सच्या बैठकीभोवती आणले, जेणेकरून डोळा कॅमेऱ्याला लावूनच सगळे हाताळता यावे. हा पिंड सांभाळायला धीर धरणारा मालक हवा होता. ऑलिंपसच्या संचालक मंडळात २०१९ मध्ये व्हॅल्यूअ‍ॅक्ट या आक्रमक गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी आला आणि पुढच्याच वर्षी विक्री जाहीर झाली. हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ताळेबंद

गुंतवणूकदाराने दबाव आणला असेल, तर तो वेळेवर आणला असेच मी म्हणेन. आणि खरेदीदाराला भंगारवाला समजण्याचे कारण नाही. याच जपान इंडस्ट्रियल पार्टनर्सने २०१४ मध्ये सोनीचा व्हायो संगणक विभाग घेतला होता आणि तो बंद पडला नाही. कॅमेऱ्यांचेही तसेच झाले आहे. ऑलिंपसकडेच राहिले असते तर कदाचित एव्हाना टाळे लागले असते.

कृष्णधवल (धागाकर्ते)

टाळे लागले नाही, हे मान्य. पण नव्या मालकाकडे गेल्यानंतर काय घडले तेही पाहा. २०२२ च्या नव्या ओएम-१ वर शेवटचे ऑलिंपसचे नाव आले आणि त्यापुढच्या कॅमेऱ्यांवर ‘ओएम सिस्टीम’ छापले गेले. २०२४ च्या ओएम-१ मार्क टू मध्ये मूळ २० मेगापिक्सेलचाच सेन्सर आहे; मेमरी वाढली, सॉफ्टवेअर सुधारले, पण पेन किंवा ओएमच्या तोडीची नवी कल्पना अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. विभाग जगवणे आणि त्यात माइतानींसारख्या माणसाला मोकळे रान देणे यांत फरक आहे, आणि विक्रीचे समर्थन करताना ताळेबंद यांनी त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचे उत्तर अजून दिलेले नाही.