सल्ला हवा : भांड्यांसाठी, ओट्यासाठी घरीच विणलेली सुती फडकी

नवखी_सुई
सुया हातात घेऊन तीन महिने झाले. लोकरीचे दोन मफलर झाले आहेत (त्यातला एक जरा तिरका, तो मीच वापरतो). आता भांडी घासायला आणि ओटा पुसायला सुती फडकी घरीच विणावीत असं मनात आलं. लहान काम, पटकन संपेल, बिघडलं तरी वापरता येईल, असा हिशोब होता.

पहिलंच फसलं. घरात चकचकीत सुती दोरा पडून होता. ४ मिमीच्या सुयांवर ४० टाके घातले, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सुईवरून उतरवलं तर फडक्याची सुरळी झाली. ओलं केल्यावर सुरळी सुटली, पण मग ते मोज्यासारखं लांबत गेलं आणि ओट्यावरचं पाणी टिपण्याऐवजी इकडून तिकडे ढकलायला लागलं.

सूत कुठलं घ्यावं, सुया किती जाड, वीण कुठली? अगदी सोपी वीण सांगा, जाळ्या-वेण्या नकोत. आणि मुळात हा उद्योग करण्यासारखा आहे का, तेही स्पष्ट सांगा.

शांत_विणकर
सुरळीचं कारण सोपं आहे. एक ओळ सुलट, एक उलट विणलं की कापडाच्या एका बाजूला सगळे सुलट टाके येतात, दुसऱ्या बाजूला सगळे उलट. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, मग उभ्या कडा मागे वळतात आणि वरखालच्या पुढे. स्वेटरला पट्टी असते, शिवण असते, म्हणून तिथे दिसत नाही. सुट्या चौकोनाला धरून ठेवायला कोणीच नाही.

तुम्ही सगळ्या ओळी सुलट विणा. उलट टाका विसरूनच जा. शेतातल्या सरी-वरंब्यासारखी वीण दिसेल, दोन्हीकडून सारखी, आणि अजिबात वळणार नाही. ते वरंबे घासायलाही कामाला येतात.

चौकोन मोजायची खूण : दोन ओळींचा एक वरंबा होतो आणि या विणीत एका वरंब्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी असते. म्हणजे ३६ टाके घातले असतील तर ३६ वरंबे झाले की टाके बंद करा. मोजपट्टी लागत नाही.

कंटाळा आला तर साबुदाणा वीण करा. टाके विषम घ्या, प्रत्येक ओळ एक सुलट एक उलट, आणि शेवट पुन्हा सुलटने. प्रत्येक ओळ सुलटनेच सुरू होते, त्यामुळे काही लक्षात ठेवावं लागत नाही.

पीळदार
सुताबद्दल मी बोलतो, विणीतलं मला फार कळत नाही.

तुमचा चकचकीत दोरा बहुधा मर्सराइज्ड असणार. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुती कापडावर तीव्र कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं, त्यांच्यावरून हे नाव. पण त्यांच्या पद्धतीत कापड आटायचं. सूत ताणून धरून हीच प्रक्रिया केली की चकाकी येते, हे पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी दाखवलं. असं सूत मजबूत असतं, रंग सुंदर धरतं, टेबलावरच्या रुमालाला उत्तम. फडक्याला मात्र थोडा लवदार, मऊ दोरा बरा, कारण तंतूंमधल्या बारीक फटींतूनच पाणी वर ओढलं जातं. तेव्हा साधं, बिनचमकीचं, शंभर टक्के सुती सूत घ्या. लेबलावर वजन आणि लांबी दोन्ही बघा. ५० ग्रॅमच्या गुंड्यात ८० मीटरच्या आसपास असेल तर ती जाडी फडक्याला बरोबर. त्याला ४ ते ४.५ मिमीच्या सुया.

ॲक्रिलिक नको. ते पाणी नीट शोषत नाही आणि तापलेल्या भांड्याला लागलं तर वितळून चिकटतं. शुद्ध लोकरही नको, गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट नमदा होतो. सुताचा आणखी एक गुण : ओलं झालं की ते कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतं. रोज पिळायच्या वस्तूला याहून काय हवं?

आळशी_अण्णा
एक अप्रिय सूचना. जुना सुती टी-शर्ट कात्रीने कापा. दहा मिनिटांत सहा फडकी. विणायला चार संध्याकाळी घालवायच्या आणि मग त्याने शेगडी पुसायची?

शांत_विणकर
अण्णा, टी-शर्ट कापल्यावर त्याची कड कशी वळते, पाहिलंत का? तीच सुलट-उलट वीण, फक्त यंत्रावरची आणि बारीक. म्हणजे धागाकर्त्यांनी (ही चर्चा सुरू करणाऱ्या नवखी_सुई यांनी) जे विणलं तेच तुम्ही कापताय. :)

पण तुमचं म्हणणं खोटं नाही. फरशी, शेगडी, तेलकट कामाला टी-शर्टच. विणलेलं फडकं भांड्यांना आणि ओट्याला, कारण त्याला खरखरीतपणा असतो. शिवाय मी ते विणते कारण मला विणायचं असतं.

कर्णरेषा
ताई, तुम्ही कोपऱ्यापासून विणायचं फडकं करून बघा. ही जुनी, घरोघरी चालत आलेली वीण आहे. तीन महिने झालेल्या माणसाला सहज जमते आणि किती टाके घालायचे हा प्रश्नच उरत नाही.

४ टाके घाला, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीत : २ सुलट, दोरा पुढे घेऊन सुईवर एक वेढा, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला बारीक भोकांची ओळ तयार होते. हवी तेवढी रुंदी झाली की उतरती : १ सुलट, २ टाके एकत्र, वेढा, पुन्हा २ एकत्र, उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका कमी. ४ उरले की बंद.

आता यातली खरी मजा. उतरती कधी सुरू करायची हे मी टाके मोजून ठरवत नाही, गुंडा वजनकाट्यावर ठेवून ठरवते. चढता आणि उतरता भाग सारखेच असतात, म्हणजे निम्मं सूत संपलं की मागे फिरायचं. ५० ग्रॅमचा गुंडा असेल तर २७ उरले की मी फिरते. वरचे दोन ग्रॅम मनःशांतीसाठी. एकदा बरोबर २५ ला फिरले होते आणि शेवटच्या सहा ओळींना सूत पुरलं नाही. त्या फडक्याचा एक कोपरा अजून निळा आहे, बाकी सगळं पांढरं.

नवखी_सुई
सगळ्यांचे आभार. (कर्णरेषा, ताई नाही, दादा. पण हरकत नाही.)

साधं सूत आणलं, ४.५ च्या सुया घेतल्या, कोपऱ्यापासून सुरू केलं. वजनकाटा हाताशी नव्हता म्हणून ४५ टाक्यांवर फिरलो. माझ्या विणीत १० सेंमीमध्ये १८ टाके बसतात, तेव्हा ४५ म्हणजे २५ सेंमीचं फडकं होईल असा अंदाज होता. झालं जेमतेम १८ सेंमी! घट्ट विणतोय का मी?

कर्णरेषा
दादा, माफ करा! आणि वीण अगदी बरोबर आहे. तुम्ही कोपऱ्यापासून विणताय, म्हणजे सर्वांत रुंद ओळ ही चौकोनाची बाजू नाही, कर्ण आहे. माझं नावच बघा. कर्ण २५ असेल तर बाजू साधारण १८ येणारच. बाजू २० हवी तर ५१ टाक्यांपर्यंत जा, २५ हवी तर ६४ पर्यंत.

पण मी २५ च्या भानगडीत पडणार नाही. त्याला ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरत नाही. आणि मोठं, जाड फडकं लवकर वाळत नाही, न वाळलेल्या फडक्याला वास येतो. २० सेंमी हाताच्या पंजात मावतं, पिळायला सोपं, गुंड्यात सूतही उरतं. पहिल्या धुण्यात थोडं आटेल, ते धरून किंचित मोठं ठेवा.

दोन_सुया_एक_मांजर
हात दुखतात का कोणाचे? लोकर ताणली तर परत येते, सूत येत नाही. तो सगळा झटका मनगटाला बसतो. मला बांबूच्या सुयांवर सूत अडकायचं, धातूच्या घेतल्यावर बरं वाटलं. नवख्यांना मात्र धातूवरून टाके घसरतात. आणि फार टोकदार सुई नको, ती सुताच्या पिळात घुसून दोरा चिरते. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त मी विणत नाही. तेवढ्यात मांजरही उठतं.

लाल_दोरा
गडद रंगाचं सूत घेतलंय. रंग पक्का व्हावा म्हणून व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवू का?

पीळदार
नका ठेवू, उपयोग नाही. आम्लाने रंग बसतो तो लोकर-रेशमाचा. सुताचे रंग वेगळ्या रसायनाने बसतात आणि रंगाऱ्याकडेच ते काम झालेलं असतं, तुम्ही घरी व्हिनेगर घालून त्यात भर पडत नाही. मीठ रंगवताना वापरतात, रंगवून झाल्यावर नाही. जे सुटतं तो जास्तीचा, न चिकटलेला रंग. तो पाणी स्वच्छ येईपर्यंत गरम पाण्यात वेगळं धुऊन काढून टाकायचा, एवढंच. विणण्याआधी सुताचा तुकडा ओला करून पांढऱ्या कागदावर दाबून बघा. उमटला तर ते सूत पांढऱ्यासोबत एका फडक्यात विणू नका.

कपडे मऊ करायचं द्रावण फडक्यांना कधीच नको. ते तंतूंवर थर बसवतं आणि पाणी शोषणं कमी होतं. गरम पाणी, साबण, अधूनमधून उकळी. सूत उकळी सहज सोसतं.

आळशी_अण्णा
टोकं गाठ मारून कापली तर चालतात का? (हो, मी सुरू केलंय. कोणी हसू नका.)

शांत_विणकर
हसत नाहीये, टाळ्या वाजवतेय. गाठ नको. सुताची गाठ घासताना बोटाला टोचते आणि कधी ना कधी सुटते. १५ सेंमी शेपूट ठेवा, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून वरंब्यांतून एका दिशेने न्या, मग उलट फिरून परत आणा. सूत गुळगुळीत असतं, एकाच दिशेने ओवलं तर पिळताना सरकून बाहेर येतं. नवा गुंडा जोडायचा तोही ओळीच्या सुरुवातीला, मधे नाही.

लाल_दोरा
क्रोशाने केलं तर? सुयांपेक्षा मला आकडा जवळचा.

शांत_विणकर
जरूर करा. साखळ्या घालून वर खांबांच्या ओळी. कापड जाड आणि ताठ येतं, घासायला छान, पण सूत जास्त जातं आणि वाळायला वेळ लागतो. म्हणून आकार लहान ठेवा आणि एक नंबर मोठा आकडा घ्या, वीण सैल राहील.

नवखी_सुई
ताजा अहवाल. दुसरं फडकं वजनकाटा घेऊन विणलं, २७ ला फिरलो, शेवटी तीन ग्रॅम उरले. धुण्याआधी २१.५ सेंमी, धुतल्यावर साडेवीस. वळत नाही, लांबत नाही, पाणी टिपतं. मध्यावर एक टाका सुटला होता, तो दहा ओळी खाली गेल्यावर लक्षात आला. क्रोशाच्या आकड्याने शिडीसारखा वर चढवला. उसवावं लागलं नाही याचाच आनंद फार.

अडचण वेगळीच निघाली. घरात कोणी ते वापरत नाही. "चांगलं आहे, राहू दे," म्हणून घडी घालून ठेवून दिलंय. पहिलं, १८ सेंमीचं, मात्र सिंकपाशी दिवसरात्र राबतंय. म्हणून तिसऱ्यात मुद्दाम दोन उरलेले रंग मधेच घुसवलेत. सध्या ३१ टाक्यांवर आहे.