जुन्या टार्टनच्या मधोमध शिवण का?

तिरपाधागा:
एडिनबरोत राहते, हौसेने हातमाग शिकतेय. आमच्या बाई सांगतात, टार्टनमध्ये (स्कॉटिश चौकड्याच्या लोकरी कापडात) पट्ट्यांचा क्रम एका जागेपर्यंत जातो, तिथून उलटा फिरतो आणि कापडभर तेच. पण म्युझियममध्ये अठराव्या शतकातलं प्लेड, म्हणजे अंगावर पांघरायचं टार्टन, पाहिलं. मधोमध शिवण, आणि कडेला एक भलतीच पट्टी, जी आत कुठेच नाही! विणकर चुकला का?

चौकडा:
कुळाची खूण असेल. प्रत्येक क्लॅनचं टार्टन वेगळं असतं ना?

धोटेवाला:
चुकतोय कसला, पक्का हिशेबी होता. (आमचं घर इचलकरंजीतल्या मागवाल्यांचं, म्हणून हा आगाऊपणा.) आडवा धागा नेणारा धोटा हाताने फेकायचा, तर पन्हा हाताच्या आवाक्यातलाच, साधारण २५ इंच. पांघरायला तेवढा कुठला पुरायला? मग लांबलचक पट्टा विणून मधे कापायचा, एक तुकडा अर्धा फिरवायचा आणि किनारीला किनार लावून शिवायचा. ताणा (उभे धागे) लावतानाच सगळं ठरलेलं. शिवणीच्या बाजूला क्रम नेमका वळणावर थांबवायचा, म्हणजे जोडल्यावर चौकडा सलग. बाहेरच्या बाजूला काठ, आपल्या लुगड्यासारखा. तुकडा उलटा न करता फिरवल्यामुळे ट्विलची (तिरप्या विणीची) तिरकी रेघही शिवणीपलीकडे त्याच दिशेने जाते. आता माग रुंद, कापड मीटरवर विकायचं, कुठूनही कापलं तरी चाललं पाहिजे. काठ कोण घालत बसणार?

क्लॅनचं प्रकरण बरंचसं १८२२ नंतरचं. त्या वर्षी ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला आणि जो तो 'आमचं टार्टन' शोधू लागला. स्कॉटलंडमधल्याच बॅनकबर्नच्या विल्सन या विणकाम कंपनीकडे १८१९ची नमुन्यांची वही तयारच होती, धाग्यांच्या मोजणीसकट. त्याआधीची तऱ्हा स्कॉटिश लेखक मार्टिन मार्टिनने १७०३ मध्ये लिहिलीय: बायका लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून ठेवत, प्रत्येक पट्टीत किती धागे त्याच्या हिशेबासह.

तिरपाधागा:
मग माझ्या स्कार्फला काठ घालतेच! पण चौकोन फारच लांबट येताहेत.

धोटेवाला:
बाणा (आडवे धागे) जोरात ठोका. इंचात ताण्याचे जितके धागे, तितकेच बाण्याचे बसायला हवेत. मात्र मागावर किंचित लांबट असू द्या, ताण सुटला की कापड आखडतं. मी मागावरच पट्टी लावून अगदी चौरस केले होते, धुतल्यावर सगळे बुटके. तो मफलर मांजराने घेतला.