घर बांधायचं की तयार घ्यायचं?

विषय: घर बांधायचं की तयार घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने आमच्याकडे रात्री भांडी आवरून झाली की हाच विषय निघतो. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे राहणार आहेत आणि त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. आम्ही अकरा घरं पाहिली. तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिला लागूनच बाथरूम असं एकाही घरात नाही.

एक प्लॉट मात्र मनात भरलाय. रस्त्यापासून मागे उतरत जातो, मागे मोठी झाडं आहेत. हे म्हणतात, बांधूनच टाकू. मला धास्ती वाटते. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा, वर साइटवर रोजच्या फेऱ्या. ज्यांनी बांधलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

---

उत्तर: घर बांधायचं की तयार घ्यायचं?

ताई, नमस्कार.

आम्ही सहा वर्षांपूर्वी बांधलं आणि आज त्या घरात आनंदात आहोत. पण तुमचं पत्र वाचताना मी 'उतरत जातो' या शब्दांपाशीच थांबलो.

आमचाही प्लॉट उताराचा. काँट्रॅक्टरच्या अंदाजपत्रकात 'साइटचं काम' अशी एकच ओळ होती, आणि आम्ही ती वाचून पुढे गेलो. पायाचं खोदकाम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. मी गेलो तर इंजिनिअरने खड्ड्यातून काढलेला विटेचा तुकडा आणि एक गंजका खिळा माझ्या हातावर ठेवला. जमिनीखाली जवळजवळ दीड मीटरवर वीट आपोआप जात नाही. कोणीतरी कधीकाळी तिथे भराव टाकून जागा सपाट केली होती. भरावाची माती कुठे जास्त बसते, कुठे कमी, आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात. त्यामुळे मूळ जमीन लागेपर्यंत खोदावं लागलं. शिवाय खालच्या बाजूला संरक्षक भिंत, आणि तिच्यामागे पाणी साचून दाब येऊ नये म्हणून खडी आणि पाइप. घराच्या नकाशात यातलं काहीच दिसत नाही, आणि राखून ठेवलेले बहुतेक पैसे तिथेच गेले.

म्हणून कळकळीने सांगतो, प्लॉटचा व्यवहार माती परीक्षणाच्या अटीवरच करा. मातीचे नमुने काढायला बोअर घेऊन अहवाल येऊ द्या, मग सही. आणि खडक किंवा भराव लागला तर वाढीव खर्च कोणाचा, हे बांधकामाच्या करारात शब्दांत लिहून घ्या.

पैशांचं थोडक्यात. बांधकामाचं लोन टप्प्याटप्प्याने मिळतं आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, पण तोवर राहत्या घराचा खर्चही चालूच असतो. बँक कर्ज देताना घराची किंमत बघते, तुम्ही मातीत किती ओतलेत ते बघत नाही. ठरलेल्या खर्चावर 10 ते 15 टक्के बाजूला ठेवा, उतारावर त्याहून जास्तच. करारात टाइल्स, नळ, दिवे यांच्यापुढे नुसती अंदाजे रक्कम धरलेली असते, ती आधीच दुकानात जाऊन पडताळा.

आता सासूबाईंसाठी, कारण बांधायचं खरं कारण त्याच आहेत. दार उघडल्यावर निदान 32 इंच मोकळी वाट हवी. पुढेमागे व्हीलचेअर लागली तर वळायला 5 फूट व्यासाची जागा लागते. शॉवरला उंबरा नको असेल तर तिथली जमीन थोडी खाली घ्यावी लागते, आणि ते पाया घालतानाच ठरतं. भिंती पोकळ चौकटीच्या असतील तर त्या बंद करण्याआधी कमोडजवळ आणि शॉवरमध्ये आतून जाड फळ्या ठोकून घ्या, म्हणजे आधाराचे दांडे कधीही बसवता येतील. हे सगळं नव्या घरात अगदी थोडक्यात होतं.

पण उतार इथेही आडवा येतो. रॅम्पचं साधारण प्रमाण 1 ला 12. दार जमिनीपासून अर्धा मीटर वर आलं तर सहा मीटर रॅम्प हवा. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत विचारा, सासूबाई गाडीतून उतरून पायरी न चढता घरात कशा येतील? याचं उत्तर कागदावर मिळालं नाही तर प्लॉट सोडून द्या, झाडं कितीही आवडली असली तरी.

---

उत्तर: घर बांधायचं की तयार घ्यायचं?

अगं, अकरा घरांत तुम्ही तयार खोली शोधलीत, की होऊ शकणारी खोली?

आम्ही बांधायचं म्हणून प्लॅनसुद्धा काढले होते आणि शेवटी जुनं घर घेतलं. तळमजल्यावरची जेवणाची खोली आईंची झाली. तिच्या भिंतीपलीकडेच स्वयंपाकघराचं सिंक होतं, म्हणून पाणी आणि सांडपाण्याची लाइन जवळ मिळाली आणि कोपऱ्यात बाथरूम निघालं. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार द्यावा लागतो, त्यामुळे लाइन लांब असली की जमीन फोडत बसावं लागतं. घर बघताना सिंक कुठे आहे ते आधी बघ. आम्हाला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत धूळ पुष्कळ खाल्ली. पण आई त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आल्या. त्या वयात एक वर्ष थांबणं फार मोठं असतं गं.

---

उत्तर: घर बांधायचं की तयार घ्यायचं?

दादा, काकू, मनापासून आभार.

दोन्ही पत्रं काल रात्री मोठ्याने वाचली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तेव्हा लक्षात आलं की चार महिन्यांत आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "मला पलंगावरून दारात कोण आलंय ते दिसेल अशी खिडकी हवी." मागची झाडं त्यांच्या बोलण्यात आलीच नाहीत.

अकरापैकी दोन घरांत पुढच्या बाजूला तशी खोली आहे. शनिवारी टेप घेऊन पुन्हा जातोय, या वेळी त्यांनाही घेऊन. प्लॉटच्या मालकांकडे माती परीक्षणासाठी मुदत मागितली आहे. त्यांनी नाही म्हटलं तर प्लॉटचा विषय तिथेच संपवायचा, असं आमच्या दोघांचं ठरलंय.

माती तपासणारा चांगला इंजिनिअर कोणाच्या माहितीत असेल तर मला वेगळं पत्र टाकाल का?